सरहद्दीवरची अमानत

माझा भाचा दुबईत नोकरीला आहे. कंपनीने त्याला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेला पाठवायचे ठरवले, तेव्हा जाण्याआधी तो चार दिवस गावी आला. रात्री जेवणे उरकून आम्ही ओट्यावर बसलो होतो. त्याने विचारले, "मामू, फोन सगळा पुसून नेऊ, की आहे तसाच नेऊ?"

मी सहज बोलून गेलो, "पुसण्यासारखे आहे काय त्यात? कर नाही त्याला डर कशाला?"

त्याला ते लागले असावे. काही न बोलता त्याने फोन उघडून माझ्या हातात दिला. म्हणाला, "बघा."

मी चाळू लागलो. त्यात माझ्या बहिणीचे, म्हणजे त्याच्या आईचे, दवाखान्याचे रिपोर्ट होते. डॉक्टरांना दाखवण्यासाठी तिने ते मुलाला पाठवले होते, आणि त्यांतली एक गोष्ट तिने मलाही सांगितलेली नव्हती. धाकट्या भाचीच्या शादीतले बायकांच्या खोलीतले फोटो होते. ते बायकांनी बायकांसाठी काढले होते, भाऊ म्हणून त्याच्याकडे आले होते. शिवाय त्याच्या खोलीत राहणाऱ्या एका मित्राचे कागद होते. त्याच्या मालकाने सात महिन्यांचा पगार अडवून ठेवला होता, पासपोर्टही ठेवून घेतला होता. तक्रारीच्या प्रती आपल्या फोनमध्ये ठेवायला तो घाबरत होता, म्हणून त्याने त्या माझ्या भाच्याकडे दिल्या होत्या. आणि शेवटी एका कोपऱ्यात बिटकॉइनचे एक ॲप होते. त्यात त्याची थोडीफार बचत होती.

मी फोन परत दिला. तो म्हणाला, "आता सांगा मामू, यातले माझे किती आणि दुसऱ्यांचे किती? सरहद्दीवरचा साहेब 'उघड' म्हणाला, तर मी कोणाकोणाचे दार उघडून देऊ?"

त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हण मात्र चुकीची वापरली, एवढे कळले. 'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण एकट्या माणसाच्या हिशेबाची आहे. ज्याच्या खिशात दहा जणांची गुपिते आहेत, त्याला ती लागू होत नाही.

प्रश्न काल्पनिक नाही. देशाच्या आत माणसाला जे संरक्षण मिळते, ते सरहद्दीवर बरेच पातळ होते. अमेरिकेचेच उदाहरण घ्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एकमताने सांगितले, की अटक केलेल्या माणसाचा फोन तपासायचा तर पोलिसांनी आधी वॉरंट आणावे. कारण फोन म्हणजे माणसाचे अख्खे आयुष्य असते. पण त्याच न्यायालयाच्या १९७७ च्या एका निकालाचा आधार घेऊन विमानतळावरचे अधिकारी वॉरंटशिवाय सामान उघडतात, आणि फोनही ते सामानच मानतात. तिथल्या सीमा खात्याने २०१८ साली काढलेल्या सूचनापत्रात तपासणीचे दोन प्रकार केले. हाताने चाळून पाहण्याला कसलाही संशय असण्याची गरज नाही. यंत्राला जोडून सगळे उतरवून घ्यायचे असेल, तर सामान्यतः सबळ संशय हवा. २०२१ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने ही पद्धत योग्य ठरवली. उलट २०२३ आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन न्यायाधीशांनी मात्र वॉरंट हवेच, असा निर्णय दिला. म्हणजे न्यायाधीशांमध्येही एकवाक्यता नाही.

२०२४ च्या आर्थिक वर्षात त्या खात्याने सुमारे ४७ हजार वेळा प्रवाशांची उपकरणे तपासली. आलेल्या प्रवाशांची संख्या ४० कोटींहून अधिक होती. दहा हजारांत एखादाच म्हणायचा. आकडा पाहून दिलासा वाटावा. पण तो 'एखादा' चिठ्ठ्या टाकून निवडला जात नाही. आपल्यासारखी नावे असणाऱ्यांना आपला नंबर त्या दहा हजारांत कुठे लागतो, याची धाकधूक असते. ती धाकधूक खरी आहे, आणि ती काही रोगट नाही.

नकाराची किंमत देशागणिक वेगळी. अमेरिकेत तिथल्या नागरिकाला आत येण्यापासून रोखता येत नाही, त्याचा फोन मात्र ठेवून घेता येतो. परक्या माणसाने पासकोड दिला नाही, तर त्याला आल्या पावली परत पाठवता येते. न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या कायद्यानुसार सबळ संशय असताना पासवर्ड नाकारला, तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ब्रिटनमध्ये २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याचे सातवे परिशिष्ट आहे. त्याखाली बंदरावर किंवा विमानतळावर कोणालाही, काहीही संशय नसताना, थांबवून प्रश्न विचारता येतात. उत्तर न देणे हा गुन्हा आहे.

या परिशिष्टाखाली घडलेले एक प्रकरण आपण सर्वांनी समजून घ्यावे असे आहे. 'केज' या लंडनमधल्या संस्थेचे संचालक मुहम्मद रब्बानी २० नोव्हेंबर २०१६ रोजी कतारहून परतत होते. दहशतवादविरोधी मोहिमेत कैद झालेल्यांची बाजू मांडण्याचे काम ही संस्था करते. तिच्या भूमिकांविषयी ब्रिटनमध्ये तीव्र मतभेद आहेत, हेही सांगितले पाहिजे. हीथ्रोवर रब्बानींना थांबवण्यात आले. त्यांनी फोन दिला, लॅपटॉप दिला, पासवर्ड मात्र दिला नाही. त्यांचे म्हणणे असे, की अमेरिकेच्या कैदेत आपला छळ झाला असे सांगणाऱ्या एका माणसाची कागदपत्रे आपल्याकडे विश्वासाने सोपवलेली आहेत, आणि ती त्याच्या परवानगीशिवाय उघडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. न्यायाधीशांनी त्यांच्या चांगल्या चारित्र्याची नोंद घेतली. ते अशिलाचा विश्वास राखण्याचा प्रयत्न करत होते, हेही मान्य केले. कैद झाली नाही. बारा महिन्यांची सशर्त मुक्तता आणि ६२० पौंड खर्च, एवढ्यावर भागले. पण गुन्हा तो गुन्हाच राहिला. २०१८ मध्ये हायकोर्टानेही अपील फेटाळले.

याच हीथ्रोवर २०१३ साली डेव्हिड मिरांडा यांना जवळजवळ नऊ तास अडवून त्यांच्याजवळची उपकरणे घेतली होती. ते एका पत्रकाराचे कागद घेऊन चालले होते. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने त्या वेळची अडवणूक कायदेशीर ठरवली. पण पत्रकारांच्या साहित्याला या कायद्यात पुरेसे संरक्षण नाही, असेही म्हटले. म्हणजे पत्रकाराकडे सोपवलेली गोष्ट वेगळी आहे, हे न्यायालयाला दिसले. आईने मुलाकडे सोपवलेली किंवा मजुराने मित्राकडे सोपवलेली गोष्ट तशीच आहे, हे कोणत्या कायद्याला दिसणार?

आपल्याकडे या गोष्टीला एक जुना शब्द आहे. अमानत. अमानत म्हणजे जे माझ्या ताब्यात आहे पण माझे नाही. ज्याचे त्याला पोचते करावे, असा हुकूम सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत आहे. आपण हा शब्द पैशापुरता वापरतो. पण एखाद्याने विश्वासाने सांगितलेली गोष्टही अमानतच असते, असे आपले वडीलधारे सांगत आले. फोन हातात आल्यापासून आपण सगळेच मोठे अमानतदार झालो आहोत आणि याची जाणीव फार थोड्यांना आहे.

अमानत घेऊन सरहद्द कशी ओलांडावी, या प्रश्नावर विचार करताना मला वारंवार इ. स. ६२२ मधली ती रात्र आठवते. मक्केत पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या जिवावर लोक उठले होते. विशेष असे, की त्याच मक्केतले लोक आपल्या मौल्यवान चिजा त्यांच्याच घरी ठेवत असत. त्यांचा धर्म मान्य नव्हता, पण त्यांच्या अमानतदारीबद्दल शंका नव्हती. हिजरतीची वेळ आली, तेव्हा त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. ज्याची अमानत त्याला परत करून मगच निघायचे, असे त्यांना सांगितले, असे सीरतचे ग्रंथ सांगतात.

या प्रसंगातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, जे दुसऱ्याचे आहे ते घेऊन धोक्याच्या वाटेने निघायचे नाही. आधी ते सुरक्षित करायचे. दुसरी, लपणे हे पाप नाही. मदीना उत्तरेला, पण ते निघाले दक्षिणेला. सौरच्या गुहेत तीन रात्री राहिले. पाठलाग करणाऱ्याला आपला मार्ग सांगण्याचे बंधन कोणावर नसते. तिसरी गोष्ट वाटेतली. हजरत अबू बकर (रजि.) यांना लोक ओळखत होते. सोबत कोण, असे विचारल्यावर ते म्हणत, हा मला वाट दाखवणारा माणूस आहे. ऐकणाऱ्याला वाटे, वाळवंटातला वाटाड्या. म्हणणाऱ्याच्या मनात वेगळा अर्थ होता. जिवावरचा प्रसंग असूनही तोंडातून उघड खोटे निघाले नाही.

पण इथे थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. राज्याला सरहद्दीवर तपासणी करण्याचा अधिकार नाही, असे मी म्हणणार नाही. आपण महाराष्ट्रातली माणसे आहोत. २६ नोव्हेंबर २००८ ला समुद्राच्या वाटेने आलेल्या दहा जणांनी मुंबईत काय केले ते आपण विसरलेलो नाही. मेलेल्यांत आपलेही होते. त्या तपासात जीपीएस यंत्र, सॅटेलाइट फोन आणि मोबाइलवरचे संभाषण हेच मोठे पुरावे ठरले. यंत्र उघडून पाहिले नसते, तर सूत्रे कोणी हलवली ते कळले नसते. तेव्हा 'तपासणी म्हणजे जुलूम' हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही.

प्रश्न तपासणीच्या रीतीचा आहे. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत दोन गोष्टी लागोपाठ मना केल्या आहेत. आधी फाजील संशय, आणि त्यानंतर दुसऱ्याच्या गुपितांची टोह घेणे. क्रम पाहण्यासारखा आहे. बदगुमानी आधी येते, डोकावणे मागून येते. सूरह नूरच्या २७ व्या आयतीत सांगितले आहे, की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय शिरू नये.

हजरत उमर (रजि.) यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. रात्रीच्या गस्तीवर असताना एका घरातून त्यांना गाण्याचा आवाज आला. ते भिंतीवरून आत उतरले. आत एक माणूस शराब घेऊन बसला होता. खलीफांनी त्याला दटावले. तो म्हणाला, माझ्याकडून एक गुन्हा झाला, आपल्याकडून तीन झाले. टोह घेण्याची मनाई असताना घेतलीत, दारातून यायचे सोडून भिंतीवरून आलात, परवानगी आणि सलाम दोन्ही विसरलात. खलीफांनी त्याचे म्हणणे मान्य केले आणि ते निघून गेले. त्या माणसाने शराब प्यायली होती, म्हणजे तो 'कर' केलेलाच होता. तरीही भिंतीवरून उतरण्याचा हक्क राज्याला मिळाला नाही. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती उमर (रजि.) यांच्या न्यायबुद्धीसाठी. आता ती गुप्ततेच्या हक्कासाठीही सांगायला हवी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. आपल्या परंपरेत त्याचे मूळ फार आधीचे आहे.

आता त्या ॲपकडे येऊ. इथे गोष्ट अधिक अवघड होते, कारण पैशाचा मामला आहे.

बिटकॉइनबद्दल आपल्या उलेमांमध्ये एकमत नाही. इजिप्तच्या मुफ्तींनी २०१८ च्या सुरुवातीला तो नाजायज ठरवला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये चलन म्हणून त्याचा वापर हराम सांगितला. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरीया सल्लागार मंडळाने मात्र २०२० मध्ये डिजिटल मालमत्तेच्या व्यवहाराला मुभा दिली. त्या वादात मी पडत नाही. ज्याच्याकडे तो आहे, त्याने सरहद्दीवर काय करावे एवढाच माझा विषय.

बिटकॉइन फोनमध्ये नसतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. तो एका सार्वजनिक वहीतल्या नोंदीच्या रूपात असतो. या वहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत आणि ती कोणीही वाचू शकतो. फोनमध्ये असते ती फक्त किल्ली. ती किल्ली बारा किंवा चोवीस साध्या इंग्रजी शब्दांच्या रूपात लिहून ठेवता येते. २०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, तिच्यातून ते शब्द निवडले जातात. ज्याच्याकडे ते शब्द, क्रमाने, त्याच्याकडे पैसा. त्यामुळे सोन्यासारखा बिटकॉइन सरहद्द ओलांडत नाही. तो जिथल्या तिथे असतो, ओलांडतो तो माणूस.

भाचा म्हणाला होता, "मामू, बारा शब्द पाठच करतो. डोक्यातले कोण काढून घेईल?"

मला हाफिज आठवले. ज्यांच्या छातीत कुरआन आहे, त्यांच्या सामानातून तो कोण जप्त करणार? पाठ करण्याची ही ताकद आपल्याला नवी नाही. निर्वासितांना तिची किंमत विचारावी. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा युक्रेनमधल्या बँकांपुढे रांगा लागल्या होत्या. एक तरुण पेन ड्राइव्हमध्ये सुमारे दोन हजार डॉलरचे बिटकॉइन घेऊन पोलंडमध्ये पोचल्याची बातमी तेव्हा छापून आली होती. ज्याचे घरदार गेले त्याच्यासाठी ही बरकतच होय.

पण हाफिज कुरआन पाठ करतो तो लोकांना ऐकवण्यासाठी. बारा शब्द पाठ करणारा ते कोणालाच ऐकवत नाही, बायकोलाही नाही. फरक इथे पडतो. क्वाड्रिगा सीएक्स या कॅनडातल्या एक्स्चेंजचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये भारतात, जयपूरला, मरण पावला. किल्ल्या त्या एकट्यालाच ठाऊक होत्या, त्यामुळे हजारो ग्राहकांचे पैसे अडकले, असे आधी सांगण्यात आले. पुढे ऑन्टारियोच्या सिक्युरिटीज आयोगाने चौकशी केली. २०२० मध्ये आयोगाने जाहीर केले, की बहुतेक पैसे त्याने आधीच फसवणुकीने उडवले होते. किल्ली कोणालाच न सांगणारा माणूस अमानत राखतो आहे की खयानत करतो आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून ज्याने किल्ली डोक्यात ठेवली, त्याच्यावर हिशेबाची जबाबदारी उलट वाढते.

त्या संपत्तीवर जकात आहे, असे मानणाऱ्याने ती काढली का, हे त्याला आणि अल्लाहलाच माहीत. वारसांचे हिस्से ठरलेले आहेत, पण किल्ली कबरीत गेली तर हिस्से कशाचे पाडायचे? भारतात राहणाऱ्याला २०२२ च्या अर्थसंकल्पापासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे. तो जाचक वाटला तरी देणे आहे. २०२५ साली संमत झालेल्या नव्या आयकर कायद्यात तर झडतीच्या वेळी डिजिटल खात्यांचे कुलूप ओलांडण्याचा अधिकारही अधिकाऱ्यांना दिला आहे. त्याविरुद्ध बोलावे, न्यायालयात जावे. पण आपण देणे चुकवायचे आणि त्याला 'खाजगीपणा' म्हणायचे, हे चालणार नाही. अमानत हा शब्द दुसऱ्याचे राखण्यासाठी आहे, दुसऱ्याचे बुडवण्यासाठी नाही. सरकारचे देणेही शेवटी दुसऱ्याचेच असते.

भाच्याने आणखी एक युक्ती ऐकलेली होती. फोनमध्ये दोन पाकिटे ठेवायची. एक खरे, दडवलेले. दुसरे दाखवण्यापुरते, थोड्या पैशांचे. विचारले की दुसरे उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, एवढेच आहे.

यावर आम्ही बराच वेळ बोललो. आपल्या फुकहांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. कोणी जालिम एखाद्याने आपल्याकडे ठेवलेली ठेव बळकावण्यासाठी मागत असेल, तर नाही म्हणून सांगणे जायज आहे, किंबहुना आवश्यक आहे, असे इमाम गझाली आणि इमाम नववी यांच्यासारख्यांनी लिहिले आहे. ही भीती पोकळ नाही. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये क्रिप्टोची उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीच्या सहसंस्थापकाला लुटारूंनी पळवले, त्याचे बोट कापले. गळ्यावर सुरी ठेवणाऱ्याला खोटे पाकीट दाखवले, तर त्यात पाप नाही. मीही तेच करीन.

पण विमानतळावरचा अधिकारी सुरी घेऊन उभा नाही. त्याचा कायदा कदाचित चुकीचा असेल, त्याचा संशय कदाचित माझ्या नावावरूनच आला असेल. तरी त्या देशात शिरायची परवानगी मागायला मी गेलो आहे. त्याच्या दारात मी पाहुणा आहे. प्रत्येक गणवेशातला माणूस जालिम, असे एकदा ठरवले की खोटे बोलण्याला अंत राहत नाही. शिवाय त्यात व्यवहारही नाही. अमेरिकेत अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटे सांगणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. गप्प राहणाऱ्याला फार तर परत पाठवतील, खोटे बोलणाऱ्याला आत ठेवतील. आणि एका मुसलमानाचे खोटे पकडले गेले, की पुढच्या रांगेतल्या दहा जणांच्या खऱ्यावर विश्वास बसत नाही. तेही आपल्याकडून झालेले दुसऱ्यांचे नुकसानच.

मग मार्ग कोणता? मला तो हिजरतीच्या त्या रात्रीत दिसतो. जे आपले नाही ते आधी पोचते करा, आणि मग हलक्या हाताने निघा. सोबत असेल तेवढे कुलूपबंद ठेवा. विचारले तर खरे सांगा. जे उघडणे आपल्या अधिकारात नाही, त्याला उघडपणे नाही म्हणा आणि त्याची किंमत मोजा. रब्बानींनी हेच केले. त्यांच्या संस्थेच्या मतांशी सहमत असा वा नसा, पण खोटे पाकीट न दाखवता 'हे माझे नाही, म्हणून देत नाही' असे सांगून त्यांनी शिक्षा पत्करली. नकार देण्याची ही प्रामाणिक रीत आहे. ती प्रत्येकाला परवडणारी नाही. व्हिसावर जाणाऱ्या मजुराला तर नाहीच. म्हणूनच नकाराची वेळच येऊ नये, अशी तयारी घरीच करावी. २०१९ पासून अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जातच समाजमाध्यमांवरची खाती विचारतात. तिथे खाते लपवण्यापेक्षा खरे लिहावे हे बरे.

मी भाच्याला जे सांगितले ते साधेच होते, आणि त्यातले तांत्रिक सगळे त्यानेच मला समजावले. फोन 'पुसलेला' दिसावा म्हणून पुसू नये, प्रवासाला लागते तेवढेच न्यावे. बाकीचे घरच्या संगणकावर उतरवून, पासवर्ड लावून ठेवावे. विमान उतरण्याआधी फोन पूर्ण बंद करावा. बंद फोन पासकोडशिवाय सहज उघडत नाही, आणि तो बंद करण्याआधी चेहऱ्याने वा बोटाने उघडण्याची सोय काढून टाकावी. ईमेल, फोटो यांच्या दूरच्या खात्यांतून बाहेर पडून निघावे. बिटकॉइनचे ॲप नेऊच नये. बारा शब्द कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर घरी ठेवावेत. मोठी रक्कम असेल तर तीन किल्ल्यांची व्यवस्था करता येते, तिच्यात कोणत्याही दोन लागतात. एक स्वतःकडे, एक बायकोकडे, एक भरवशाच्या नातेवाइकाकडे. मग प्रवाशाने मनात आणले तरी एकट्याने ती रक्कम उघडून देता येत नाही, आणि तो मेला तरी ती बुडत नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि दोन साक्षीदार घ्यायला सांगितले आहे. हे ऐकताना मला तेच आठवले.

जाण्याआधी त्याने तीन फोन केले. आईला विचारले, रिपोर्ट कुठे ठेवू? बहिणीला सांगितले, फोटो तुझ्याकडे आहेत ना, माझ्याकडचे काढून टाकतो. आणि मित्राला विचारले, तुझ्या कागदांचे काय करू? मला वाटते, सगळ्यात महत्त्वाचे काम ते होते. आपण फोनला कुलूप लावतो, पण ज्यांची गुपिते त्यात आहेत त्यांना कधी विचारत नाही. मित्र म्हणाला, छापून लिफाफ्यात घाल, चिकटव, आणि तुझ्या गावी कोणा मोठ्या माणसाकडे दे. माझा भाऊ येऊन घेऊन जाईल.

भाचा गेला आणि तीन आठवड्यांनी परतला. इमिग्रेशनच्या साहेबाने चार प्रश्न विचारले, शिक्का मारला, फोनकडे पाहिलेसुद्धा नाही. तो फोनवर हसत म्हणाला, "मामू, एवढी मेहनत फुकट गेली."

मी म्हणालो, "फुकट कशी? साहेबासाठी थोडीच केली होती."

तो लिफाफा अजून माझ्या कपाटात आहे. मित्राचा भाऊ अद्याप आलेला नाही. येईल तेव्हा त्याच्या हातात देईन. त्यात काय लिहिले आहे ते मला माहीत नाही.